जबाबदारी देता-घेताना लागणारी इंग्रजी क्रियापदं: कुठलं, कुठे आणि कसं

नोकरी सोडताना, बाळंतपणाच्या रजेवर जाताना, शिफ्ट संपताना किंवा प्रोजेक्ट दुसऱ्या टीमकडे जाताना इंग्रजीत एक मेल लिहावाच लागतो. तिथे बहुतेक जण सगळं काम 'हँड ओव्हर' या एकाच शब्दावर भागवतात. मराठीत 'चार्ज दिला' एवढं म्हटलं की पुरतं, कारण कुणी कुणाला, किती दिवसांसाठी आणि का दिला हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक असतं. लंडन, दुबई किंवा ह्यूस्टनमध्ये बसून तुमचा मेल वाचणाऱ्याला ते ठाऊक नसतं. काम कायमचं गेलं की तात्पुरतं, देणाऱ्याने आपणहून दिलं की त्याच्याकडून काढून घेतलं, आणि उद्या काही बिघडलं तर विचारायचं कुणाला, हे तो तुमच्या क्रियापदावरूनच ठरवतो. म्हणून क्रियापद निवडण्याआधी व्यवहार नीट ठरवून घ्यावा लागतो. खालचा सगळा क्रम त्यावरच बेतलेला आहे.

आधी कागदावर चार उत्तरं लिहा

इंग्रजी वाक्य जुळवायला बसण्याआधी मराठीतच चार ओळी लिहून काढा.

पहिली ओळ: नेमकं काय जातंय? किल्ली, फाइल, लॅपटॉप अशी वस्तू, एखादं काम, पद, की निर्णय घेण्याचा अधिकार? दुसरी: किती काळासाठी? परत येणार असाल तर तारीख लिहा. तिसरी: हा बदल कुणाच्या इच्छेने झाला? चौथी ओळ बहुतेक जण विसरतात आणि पुढचे घोळ तिथूनच होतात. तुमच्याकडे काय उरतंय?

समजा, एका सॉफ्टवेअर टीममध्ये टेस्टिंग आता नेहा करणार आहे, पण रिलीजला शेवटची मंजुरी तुमचीच राहणार आहे. 'आय हॅव हँडेड ओव्हर द रिलीज टू नेहा' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याच्या लेखी मंजुरीसकट सगळं नेहाकडे गेलं. उद्या चुकीचा बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची चुकीची आवृत्ती, बाहेर पडला तर तो नेहाला फोन करणार, आणि तिच्याकडे थांबवण्याचा अधिकारच नसणार. लिहायला हवं ते असं: 'नेहा इज टेकिंग ओव्हर द टेस्टिंग. आय विल स्टिल साइन ऑफ ईच रिलीज.' अमेरिकन वाचकासाठी दुसऱ्या वाक्यात 'साइन ऑफ ऑन' लिहा. ब्रिटनमध्ये 'ऑन'शिवायही चालतं. चौथी ओळ आधी लिहिलेली असली की हे दुसरं वाक्य आपोआप सुचतं.

देणाऱ्याची क्रियापदं

'हँड ओव्हर' म्हणजे ताबा पूर्णपणे दुसऱ्याकडे जाणं. 1 जुलै 1997 रोजी ब्रिटनने हाँगकाँग चीनकडे दिलं, त्या घटनेला इंग्रजीत आजही 'द हँडओव्हर' म्हणतात. एवढं वजन या शब्दाला आहे. त्यानंतर देणाऱ्याचा हक्क उरत नाही. पकडलेल्या चोराला पोलिसांच्या हवाली करण्यालाही हेच क्रियापद. तेव्हा आठवडाभराच्या रजेसाठी नुसतं 'आय हॅव हँडेड ओव्हर माय वर्क' लिहिलं तर तुम्ही परतणार आहात हे कळत नाही. रजेसाठी ते वापरायचंच असेल तर 'फॉर द वीक' किंवा 'अंटिल आय ॲम बॅक ऑन द 20थ' ही शेपटी जोडा. शिफ्टच्या कामात मात्र ती लागत नाही, कारण काम फिरत राहणार हे सगळे धरूनच चालतात.

अमेरिकेत याच अर्थी 'हँड ऑफ' बरंच चालतं. तिथल्या हॉस्पिटलांत शिफ्ट बदलताना 'हँडऑफ' होतो, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत 'हँडओव्हर'. परदेशी जाणाऱ्या नर्सेसनी देश पाहून शब्द निवडावा. माहिती सांगण्याचा क्रम दोन्हीकडे बहुधा 'एसबार' हाच शिकवतात: रुग्णाची आत्ताची स्थिती, आधीची पार्श्वभूमी, आपलं मूल्यमापन आणि पुढे काय करावं ही शिफारस. अर्ज, राजीनामा, गृहपाठ असं काही वरिष्ठाकडे जमा करायचं असेल तर 'हँड इन'. 'शी हँडेड इन हर नोटिस' म्हणजे तिने राजीनाम्याची नोटीस दिली. 'हँड डाउन' पिढीकडून पिढीकडे येणाऱ्या गोष्टींसाठी आणि कोर्टाच्या निकालासाठी. ऑफिसच्या कामाला ते लावू नका. जमीन, शेअर, हक्क कागदावर सही करून दुसऱ्याच्या नावावर करायचे असतील तर 'साइन ओव्हर'.

पद सोडण्यासाठी 'स्टेप डाउन', म्हणजे माणूस आपल्या पायांनी खाली उतरतो. याचा नेमका वापर पाहायचा तर टाटा सन्सच्या अध्यक्षपदाचा इतिहास पुरेसा आहे. 1991 मध्ये रतन टाटांनी जे.आर.डी. टाटांकडून सूत्रं घेतली: 'टुक ओव्हर फ्रॉम'. डिसेंबर 2012 मध्ये ते पदावरून उतरले: 'स्टेप्ड डाउन'. त्यांच्या जागी सायरस मिस्त्री आले, तेही 'टुक ओव्हर'. ऑक्टोबर 2016 मध्ये मिस्त्रींना संचालक मंडळाने पदावरून दूर केलं. इथे 'स्टेप्ड डाउन' लिहिणं चुकीचंच, 'वॉज रिमूव्हड' हवं. मधली पोकळी भरायला रतन टाटा हंगामी अध्यक्ष म्हणून परतले: 'स्टेप्ड इन'. आणि फेब्रुवारी 2017 मध्ये एन. चंद्रशेखरन यांनी 'टुक ओव्हर'. पद तेच राहिलं, पण प्रत्येक बदलाची तऱ्हा वेगळी, म्हणून क्रियापदही वेगळं. बातमी, बायोडेटा किंवा लिंक्डइनवर एखाद्याबद्दल लिहिताना हा फरक सांभाळाच. काढून टाकलेल्याला 'स्टेप्ड डाउन' म्हटलं तर खोटं होतं, आणि स्वतःहून सोडणाऱ्याला 'वॉज रिमूव्हड' म्हटलं तर बदनामी.

'स्टेप डाउन'नंतर पदाचं नाव आलं तर 'ॲज' वापरा, 'पोस्ट'सारखा नुसता 'पद' या अर्थाचा शब्द आला तर 'फ्रॉम': 'स्टेप्ड डाउन ॲज चेअरमन', 'स्टेप्ड डाउन फ्रॉम द पोस्ट'. ब्रिटनमध्ये याच अर्थी 'स्टँड डाउन'ही म्हणतात, विशेषतः पुढची निवडणूक न लढवणाऱ्या खासदाराबद्दल. 'गिव्ह अप' म्हणजे हातातली गोष्ट सोडून देणं. त्यात त्यागाची किंवा नाइलाजाची छटा येते, आणि ती कुणाकडे गेली हे मुळीच सांगितलं जात नाही. 'आय गेव्ह अप द प्रोजेक्ट' हे वाक्य हस्तांतराच्या मेलमध्ये लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, हा वैतागून बाजूला झाला.

घेणाऱ्याची तीन: टेक ओव्हर, टेक ऑन, टेक अप

मराठीत तिन्हींना 'घेतलं' किंवा 'स्वीकारलं' चालतं, म्हणून सर्वांत जास्त चुका इथे होतात.

'टेक ओव्हर' म्हणजे दुसरा कुणी आधी करत असलेलं काम त्याच्या हातून घेणं. मागे कुणीतरी असलंच पाहिजे, आणि तो माणूस 'फ्रॉम' लावून सांगता येतो: 'आय टुक ओव्हर फ्रॉम मिस्टर जोशी इन मे.' 'टेक ऑन' म्हणजे आपल्या पाठीवर नवी जबाबदारी घेणं, मग ती आधी कुणाची होती की नव्हती हा प्रश्न येत नाही: 'शी हॅज टेकन ऑन टू मोर क्लायंट्स.' 'टेक अप' म्हणजे नोकरी किंवा पद यांवर रुजू होणं: 'ही टेक्स अप द पोस्ट ऑन 1 जून.' तिन्ही एकाच परिच्छेदात आली तरी गोंधळ होत नाही. जूनमध्ये तो 'टेक्स अप' करतो, त्याच दिवशी जोशींकडून विक्री विभाग 'टेक्स ओव्हर' करतो, आणि जुलैत गोव्याचं कामही 'टेक्स ऑन' करतो.

सरकारी मराठीतला 'अतिरिक्त कार्यभार' इंग्रजीत सांगताना 'टेक ऑन' कामी येतं: 'शी हॅज टेकन ऑन द लातूर ऑफिस इन ॲडिशन टू हर ओन.' याच ठिकाणी 'टेकन ओव्हर' लिहिलं तर तिने आपलं मूळ ऑफिस सोडलं असा समज होऊ शकतो.

दोन सापळे. 'टेकओव्हर' हा जोडून लिहिलेला शब्द नाम आहे, आणि व्यापारी इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ एका कंपनीने दुसरी गिळंकृत करणं. म्हणून तुमच्या बढतीच्या मेलचा विषय 'टेकओव्हर ऑफ सेल्स डिपार्टमेंट' असा ठेवू नका. दुसरा सापळा 'ओव्हरटेक'. रस्त्यावर गाडी ओव्हरटेक करतात, विभाग नाही. 'ही ओव्हरटुक द प्रोजेक्ट' हे वाक्य निखालस चूक आहे.

तात्पुरती जागा भरणं

डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडची कसोटी संपल्यावर विराट कोहली पालकत्वाच्या रजेवर भारतात परतला आणि उरलेल्या तीन कसोटींत मुंबईच्या अजिंक्य रहाणेने नेतृत्व केलं. ॲडलेडला 36 धावांत गारद झालेला संघ मेलबर्नला जिंकला आणि मालिका 2-1 अशी खिशात घालून आला. फेब्रुवारी 2021 मध्ये इंग्लंडविरुद्ध कोहली पुन्हा कर्णधार. रहाणेने जे केलं त्याला इंग्रजीत 'स्टुड इन फॉर कोहली' म्हणतात. मूळ माणूस परत येणार हे त्या शब्दातच आहे. 'टुक ओव्हर फ्रॉम कोहली' हे शब्द शोभतात ते 2022 मध्ये कसोटी कर्णधार झालेल्या रोहित शर्माला, कारण त्या वर्षी जानेवारीत कोहलीने ते पद सोडलं होतं.

शाळेतले 'प्रभारी मुख्याध्यापक' इंग्रजीत सांगायचे झाले तर 'ही इज स्टँडिंग इन ॲज हेडटीचर' किंवा नुसतं 'ॲक्टिंग हेडटीचर'. 'इनचार्ज हेडमास्टर' भारताबाहेर कुणाला नीट कळत नाही.

'फिल इन फॉर' हेही तेच, जरा बोलीतलं आणि छोट्या काळासाठी: एखादी शिफ्ट, एखादी मीटिंग. इथे 'फॉर' गळता कामा नये. 'कॅन यू फिल इन फॉर मी?' म्हणजे माझ्या जागी बसशील का. 'कॅन यू फिल मी इन?' म्हणजे काय चाललंय ते मला सांगशील का. 'फॉर' गेला आणि शब्दांची जागा बदलली की विनंतीच बदलते, आणि हस्तांतराच्या काळात दोन्ही वाक्यांची गरज पडत असल्याने ही चूक हमखास होते. ज्या विषयाची माहिती हवी त्याआधी 'ऑन' लावा: 'कॅन यू फिल मी इन ऑन द ऑडिट?'

'कव्हर फॉर' दुकानात, हॉस्पिटलात, शाळेत रोज ऐकू येतं, पण त्याला दुसरा अर्थ आहे: एखाद्याची गैरहजेरी किंवा चूक लपवण्यासाठी थाप मारणं. 'रवी कव्हर्ड फॉर मी' या वाक्यातून दोन्ही निघू शकतं. लेखी मेलमध्ये तारीख आणि काम जोडा, म्हणजे शंका उरत नाही: 'रवी इज कव्हरिंग फॉर मी ऑन द नाइट शिफ्ट धिस वीक.' 'स्टेप इन' अचानक उद्भवलेल्या वेळेसाठी. कुणी आजारी पडलं, भांडण पेटलं, पद एकाएकी रिकामं झालं. आधी ठरलेल्या रजेला ते लावू नये.

'लीव्ह इट टू मी' आणि 'लीव्ह इट विथ मी'

ही जोडी सांभाळली तर पुष्कळ गैरसमज टळतात. 'लीव्ह इट टू मी' म्हणजे आता हे माझं काम, तुम्ही डोक्यातून काढा. 'लीव्ह इट विथ मी' म्हणजे सध्या माझ्याकडे राहू द्या, मी पाहतो आणि सांगतो. दुसऱ्या वाक्यात काम करून देण्याचं वचन नाही. ब्रिटिश सहकारी फोनवर 'लीव्ह इट विथ मी' म्हणाला की अनेक जण काम झालं असं धरून चालतात आणि आठवड्याने पुन्हा विचारायची पाळी येते. तो असं म्हणाला की लगेच विचारा: 'वेन शुड आय चेक बॅक?' उलट बाजूने, तुम्हाला एखाद्या विषयाचं उत्तर माहीत नसताना 'लीव्ह इट टू मी' म्हणू नका.

'पास ऑन': एक शब्द, तीन वाटा

निरोप, कागद, माहिती पुढे पोहोचवायला 'पास ऑन' फार सोयीचं आहे: 'आय विल पास युअर मेसेज ऑन टू द अकाउंट्स टीम.' यात पोहोचवण्यापुरतीच जबाबदारी तुमची. कामाला ते वापरताना मात्र शब्दांची जागा पाहा. 'आय विल पास द प्रोजेक्ट ऑन टू नेहा' म्हणजे प्रोजेक्ट नेहाकडे देईन. 'आय विल पास ऑन द प्रोजेक्ट' असं लिहून पुढे माणसाचं नाव घातलं नाही, तर अर्थ होतो: हा प्रोजेक्ट मला नको. क्लायंटला हे वाक्य गेलं तर त्याला नकार मिळाल्यासारखं वाटेल. तिसरी वाट म्हणजे निधन. 'मिस्टर कुलकर्णी पास्ड ऑन लास्ट वीक' याचा एकच अर्थ निघतो. माणूस कर्ता आणि पुढे कर्म नाही, अशी रचना टाळली की धोका टळला. सुरक्षित सवय एकच: 'पास' आणि 'ऑन' यांच्या मध्ये वस्तू, नंतर 'टू' आणि माणूस.

दोन शब्दांच्या मध्ये काय बसतं

व्याकरणातला हा भाग पाठच करावा लागतो. 'हँड ओव्हर', 'टेक ओव्हर', 'टेक ऑन', 'हँड इन', 'पास ऑन', 'साइन ऑफ' ही क्रियापदं फुटतात. कर्म नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही ठेवा: 'हँड ओव्हर द कीज', 'हँड द कीज ओव्हर'. कर्म 'इट', 'देम', 'हर' असं सर्वनाम असेल तर ते मध्येच बसलं पाहिजे. 'हँड देम ओव्हर' बरोबर, 'हँड ओव्हर देम' चूक. 'टेक इट ऑन' बरोबर, 'टेक ऑन इट' चूक. मराठी बोलणाऱ्याची ही सर्वांत जुनी खूण आहे आणि आठ दिवस लक्ष दिलं तर जाते. कर्म लांबलचक असेल तर उलट करा, ते शेवटी न्या: 'प्लीज हँड ओव्हर ऑल द फाइल्स रिलेटिंग टू द नाशिक वेअरहाउस.' एवढी लांब ओळ मध्ये कोंबली तर शेवटचा 'ओव्हर' वाचेपर्यंत वाचक क्रियापद विसरतो.

'स्टँड इन फॉर', 'फिल इन फॉर', 'स्टेप डाउन', 'बॅक आउट ऑफ', 'ऑप्ट आउट ऑफ' ही मात्र फुटत नाहीत. माणूस किंवा काम नेहमी शेवटी: 'स्टँड इन फॉर हर', 'बॅक आउट ऑफ इट'.

'सी थ्रू' वेगळं शिकण्यासारखं आहे. हाती घेतलेलं काम शेवटपर्यंत तडीस नेणं या अर्थी काम मध्येच यायला हवं: 'आय विल सी द ऑडिट थ्रू.' शब्द एकत्र ठेवले तर अर्थ होतो आरपार पाहणं, डाव ओळखणं. 'आय सॉ थ्रू द ऑडिटर' असं लिहाल तर ऑडिटरची लबाडी पकडली असं वाचलं जाईल.

'हँड ओव्हर' कर्माशिवायही येतं. ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलणं संपवताना 'आय विल नाउ हँड ओव्हर टू मीरा' म्हणतात. फोन दुसऱ्याकडे देताना 'आय विल हँड यू ओव्हर टू माय कलीग'. इथे 'यू' मध्ये आला आहे हे पाहा.

हस्तांतराचा मेल, ओळीने

खालचा नमुना ब्रिटिश धाटणीचा आहे. अशा मेलमध्ये एका वाक्यात एकच बदल सांगावा.

'डिअर ऑल, आय विल बी हँडिंग ओव्हर द नाशिक अकाउंट टू स्नेहा ऑन 15 जुलै. शी विल टेक ओव्हर फ्रॉम मी द नेक्स्ट मॉर्निंग.

आय हॅव फिल्ड हर इन ऑन द ओपन ऑर्डर्स. टू आयटम्स आर स्टिल आउटस्टँडिंग: द जून इन्व्हॉइस अँड द वेअरहाउस कीज. आय विल सी द इन्व्हॉइस थ्रू मायसेल्फ. आय विल हँड द कीज ओव्हर ऑन द 15थ.

रवी विल स्टँड इन फॉर स्नेहा ऑन 21 अँड 22 जुलै, वेन शी इज अवे.

प्लीज कॉपी मी इन अंटिल 31 जुलै. आफ्टर दॅट, स्नेहा विल डील विथ एव्हरीथिंग.'

पहिल्या दोन वाक्यांत देणारा आणि घेणारा दोघांच्याही बाजूने तीच घटना सांगितली आहे, आणि दोन्हीकडे वेळ आहे. 15 तारखेच्या संध्याकाळी फोन आला तर कुणी उचलायचा याचं उत्तर त्यातूनच मिळतं. 'आउटस्टँडिंग' इथे 'बाकी' या अर्थी आहे. इन्व्हॉइस देणाऱ्याकडेच राहतोय हे 'मायसेल्फ'ने पक्कं केलं. रवीसाठी 'स्टँड इन' वापरल्याने स्नेहा परत येणार हे कळलं. शेवटच्या दोन वाक्यांनी तुमची सुटका कुठल्या दिवशी होते ते सांगितलं. असा दिवस लिहिला नाही तर जुने क्लायंट वर्षभर तुम्हालाच मेल करत राहतात.

मेल पाठवण्याआधी घेणाऱ्याकडून लेखी होकार घ्या: 'हॅपी टू टेक धिस ओव्हर फ्रॉम 16 जुलै.' तुम्ही 'दिलं' म्हणता, त्याने 'घेतलं' म्हटलेलं नाही, अशा अवस्थेत काम मध्येच लटकतं. विमानात वैमानिक म्हणूनच ताबा बदलताना एक जण 'यू हॅव कंट्रोल' म्हणतो आणि दुसरा 'आय हॅव कंट्रोल' असं मोठ्याने उत्तर देतो. व्यापारी जहाजांवरही नियम कडक आहेत. खलाशांच्या प्रशिक्षण आणि वॉचकीपिंगविषयीच्या आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू संहितेनुसार, पुढचा अधिकारी काम पार पाडण्याच्या स्थितीत नाही अशी शंका असेल तर वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, त्याच्याकडे 'हँड ओव्हर' करायची नाही आणि कप्तानाला कळवायचं. जहाज वळवणं चालू असेल तर ते पुरं होईपर्यंत थांबायचं. ऑफिसातही महिनाअखेरचं बिलिंग अर्धवट असताना काम देऊ नये, आणि ते सांगायला वाक्य तयार ठेवावं: 'आय विल हँड ओव्हर वन्स द बिलिंग इज डन.'

नाम आणि क्रियापद: लिहिताना आणि बोलताना

'हँडओव्हर' एकत्र लिहिलं तर नाम, 'हँड ओव्हर' तोडून लिहिलं तर क्रियापद. 'आय विल हँडओव्हर द डॉक्युमेंट' ही चूक भारतीय ऑफिसांत इतकी रुळली आहे की डोळ्यांना खटकतच नाही, आणि तिच्यापुढची पायरी म्हणजे 'हँडओव्हर्ड'. भूतकाळाचा प्रत्यय पहिल्या शब्दालाच लागतो: 'हँडेड ओव्हर', 'टुक ओव्हर', 'स्टुड इन', 'स्टेप्ड डाउन'.

बोलताना जोर कुठे द्यायचा तेही यावरच ठरतं. नामात जोर पहिल्या शब्दावर, 'हँड'वर. क्रियापदात जोर 'ओव्हर'वर. मध्ये 'इट' आलं की तिन्ही शब्द जोडून 'हँडिटोव्हर' असे ऐकू येतात, आणि 'टेक इट ऑन' हे 'टेकिटॉन' होतं. फोनवर परदेशी माणसाचं बोलणं निसटतं ते बहुधा या जोडणीमुळे. वरच्या मेलची वाक्यं मोठ्याने वाचून सराव केला तर कान लवकर सरावतो.

आपल्याकडची इंग्रजी परदेशात

'चार्ज' हा शब्द सांभाळून वापरा. 'ही हँडेड ओव्हर चार्ज' आपल्या सरकारी कार्यालयांत, रेल्वेत, बँकांत शंभर टक्के शुद्ध इंग्रजी मानली जाते आणि तिथे ती तशीच लिहावी. बाहेर मात्र 'चार्ज'चा अर्थ शुल्क, आरोप किंवा बॅटरी. परदेशी वाचकासाठी 'ही हँडेड ओव्हर हिज ड्यूटीज' लिहा. 'ही इज इन चार्ज ऑफ' मात्र सगळीकडे चालतं.

याहून नाजूक शब्द 'रिलीव्ह'. आपल्याकडे 'आय वॉज रिलीव्हड ऑन 31 मार्च' म्हणजे कार्यमुक्त केलं, आणि रिलीव्हिंग लेटर तर प्रत्येकाला हवंच असतं. परदेशात 'ही वॉज रिलीव्हड ऑफ हिज ड्यूटीज' म्हणजे त्याला पदावरून हटवलं. मुलाखतीत हे वाक्य गेलं तर समोरचा पुढचा प्रश्न विचारणारच. 'माय लास्ट वर्किंग डे वॉज 31 मार्च' म्हणा. 'केटी' (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याला देणं) हेही भारतीय आयटी कंपन्यांच्या बाहेर अनेकांना कळत नाही. 'आय वॉक्ड हर थ्रू द सिस्टम' म्हटलं की सगळ्यांना समजतं. वॉक थ्रूमध्येही माणूस मधोमध येतो.

ढकलणं, टाळणं, अंगावर येणं

राग व्यक्त करणारी क्रियापदं ओळखता आली पाहिजेत, वापरताना मात्र हात आखडता घ्यावा. 'पाम ऑफ' म्हणजे नको असलेली गोष्ट गोड बोलून दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, आणि त्यानंतर 'ऑन' किंवा 'ऑन्टू' लावून माणूस येतो. 'डम्प ऑन' म्हणजे सरळ अंगावर टाकणं. 'लँडेड विथ' आणि 'सॅडल्ड विथ' बहुधा कर्मणी रूपात येतात, गळ्यात पडलं या अर्थी: 'वी वेअर सॅडल्ड विथ द ओल्ड सॉफ्टवेअर.' शब्द दिल्यावर मागे फिरणं 'बॅक आउट ऑफ', मुळातच भाग न घेण्याचा पर्याय निवडणं 'ऑप्ट आउट ऑफ'. पहिल्यात दोष आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून विमा किंवा पेन्शनच्या अर्जावर नेहमी दुसरंच दिसतं. 'पास द बक' म्हणजे जबाबदारी पुढे ढकलत राहणं. हा वाक्प्रचार पोकरच्या खेळातून आला, आणि अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती.

वरिष्ठांना मेल करताना हीच तक्रार सौम्य करायची असेल तर 'फॉल टू' कामाचं आहे. त्यात कुणी ढकललं हे न सांगता काम कुणाकडे आलं एवढंच कळतं: 'विथ टू पीपल ऑन लीव्ह, इट हॅज फॉलन टू मी टू क्लोज द अकाउंट्स.' रचना ठरलेली आहे: 'इट फॉल्स टू', मग माणूस, मग 'टू' आणि क्रियापद. लगेच पुढच्या वाक्यात मागणी करा: 'कुड समवन टेक ओव्हर द पेरोल अंटिल 10 एप्रिल?' या दोन वाक्यांत कुणावर बोट नाही, आणि मदतीची तारीखही आली आहे.